पत्ता तीन, पायरी सहा

कसारा घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून बँकर लागतो, हे आमच्या शहापूर तालुक्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कसाऱ्याला लोकल रिकामी होत असते, पलीकडच्या रुळावर वाघिणींची लांबलचक रांग उभी असते आणि तिच्या शेपटाला दोन-तीन इंजिनं हळूच येऊन टेकतात. पुढचं ओढणार, मागची ढकलणार. इगतपुरी आली की मागची सुटून पुन्हा खाली. सदतिसास एक असा तो चढ. कसारा-इगतपुरी मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला, तेव्हापासून या चढाने रेल्वेला जादा इंजिनं पोसायला लावली आहेत.

ही बँकर लागलेली गाडी मला टेबलावर चालवायची होती. एचओ मापात, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशी पट लहान. घाटाची सगळी लांबी त्या मापाने धरली तर दीडशे मीटरहून जास्त प्लाय लागेल. माझ्या पडवीत आठ फुटी फळी मावते. आठ फुटांत सदतिसास एक म्हणजे जेमतेम साडेसहा सेंटिमीटर चढ, पण डबे जरा जास्त लावले की तेवढ्यावरही इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात आणि रेल्वेने बँकर का ठेवलेत ते आपोआप पटतं.

चढ जमला, वीज जमेना. जुन्या पद्धतीच्या मॉडेल रेल्वेत दोन रुळांना शून्य ते बारा व्होल्ट डीसी द्यायचा. व्होल्टेज वाढवलं की इंजिन पळतं, कमी केलं की रेंगाळतं, तारांची उलटापालट केली की मागे जातं. इंजिनात फक्त मोटर आणि चाकं. म्हणजे आपण चालवतो तो रूळ, आणि रुळावर जे कोणी उभं असेल ते निमूट पळतं. दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही पळणार, एकाच हुकमाने. यावर तोड म्हणून हौशी मंडळी रूळ कापून त्याचे तुकडे पाडत. प्रत्येक तुकड्याला, म्हणजे ब्लॉकला, वेगळी तार आणि पॅनेलवर वेगळा टॉगल स्विच. गाडी या ब्लॉकातून त्या ब्लॉकात शिरताना बोटं स्विचवर तयार ठेवायची. लेआउट मोठा झाला की वर दोन गाड्या फिरत असायच्या आणि खाली वाकून बघावं तर तारांचं रान माजलेलं. एवढं करूनही बँकरचं काम होत नाही ते नाहीच. पुढचं आणि मागचं इंजिन एकाच गाडीला लागलेलं असतं, गाडी आठ फुटांत मावेल इतकी आखूड, आणि ब्लॉक कुठेही तोडला तरी कधी ना कधी दोन्ही इंजिनं एकाच तुकड्यावर येतात.

वडील भातसा प्रकल्पावर फिटर होते आणि माझं लहानपण भातसानगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. ही कॉलनी धरणासाठी वसली. धरण १९८३ च्या सुमारास पुरं झालं, पायथ्याशी १५ मेगावॉटचं वीजघर आलं आणि मुंबईच्या सात तलावांमधला सगळ्यांत मोठा हिस्सा आमच्या दारात साठायला लागला. महापालिकेच्या पावसाळी तक्त्यात भातसाच्या नावापुढे पूर्ण साठा म्हणून ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर असा आकडा असतो. इथून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं आणि तिथे उचललं जातं. मला लहानपणी पाण्याचं काही विशेष वाटत नसे. वडिलांच्या मागे हिंडताना मी बघायचो ती पॅनेलं. हिरवं बटण, लाल बटण, मधे दिवा. एक बटण, एक तार, एक मोटर. तार कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवता यायचं. नियंत्रण म्हणजे काय याची माझी पहिली समजूत तिथे तयार झाली आणि ती बरीच वर्षं टिकली.

पॉलिटेक्निकला गेल्यावर पहिला संगणक पाहिला. त्याला कोणी संगणक म्हणत नसे, 'किट' म्हणत. लाकडी पेटीत हिरवा बोर्ड, त्यावर इंटेलचं ८०८५, शेजारी पोर्ट सांभाळणारं ८२५५, सहा लाल सात-खंडी आकडे आणि शून्यापासून एफपर्यंतची बटणं. पडदा नाही, माउस नाही. खरा संगणक एसीच्या खोलीत होता. तिथे चपला बाहेर काढून आत जायचं आणि फ्लॉपी बोटाच्या चिमटीत देवाच्या फुलासारखी धरायची. त्या खोलीत आमचा नंबर आठवड्यातून एकदा, तोही गटागटाने. किटला मात्र कोणी वाली नव्हता, म्हणून ते आमच्या वाट्याला पुष्कळ आलं.

किटवर प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे वहीत ओळी लिहायच्या, कोष्टकातून प्रत्येक ओळीचा कोड शोधायचा आणि एकेक बाइट बटणांनी आत घालायचा. ३ई ८०, डी३ ०३. म्हणजे ॲक्युम्युलेटरमध्ये ८० घाल आणि ०३ या पोर्टवर पाठव. एवढ्याने ८२५५ चे तिन्ही पोर्ट बाहेरच्या दिशेने उघडतात. शेवटी ७६, म्हणजे थांब. वीज गेली की सगळं पुसलं जायचं आणि वीज तेव्हा कधीही जायची. पुन्हा पहिल्या बाइटपासून. त्या वैतागातून असं झालं, की कोष्टक न बघता कोड बोटांतून यायला लागले. सी३ म्हटलं की जम्प, सीडी म्हटलं की कॉल, सी९ म्हटलं की परत. आमच्या वर्गातले काही जण आज मोठ्या कंपन्यांत आहेत. लग्नकार्यात भेटलो की कुणीतरी 'ईई' म्हणतं आणि दुसरा लगेच 'एक्सआरआय' म्हणतो. बायका कपाळाला हात लावतात.

नोकरी मुरबाडच्या एमआयडीसीत लागली. काम इन्स्ट्रुमेंट मेन्टेनन्सचं. सुरुवातीला कारखान्यात रिलेची पॅनेलं होती. दार उघडलं की आत रिले कटकट करत असायचे आणि सरावलेल्या माणसाला आवाजावरून कळायचं की क्रमातला कुठला रिले ओढला नाही. मग पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारे कंट्रोलर, आले. रिलेचं काम एका करड्या डब्यात गेलं, पण मोटरींच्या तारा तशाच राहिल्या: प्रत्येक मोटरीची एक जोडी पॅनेलपर्यंत. खरा बदल त्यानंतरचा. मोटरींचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आले आणि त्यांच्यात एकच केबल एकापासून दुसऱ्यापर्यंत ओढली गेली. प्रत्येक ड्राइव्हला एक नंबर. पीएलसी त्या केबलवर ओरडतो: नंबर सात, वेग चाळीस. ऐकतात सगळे, हलतो फक्त सात. जुने वायरमन या केबलकडे संशयाने बघत. त्यांचं म्हणणं रास्त होतं. तार तुटली तर पूर्वी एक मोटर बंद पडायची, आता अख्खी लाइन. दोष शोधायला टेस्टर पुरेना, लॅपटॉप लागू लागला. पण वीस जोड्यांच्या जागी एक केबल आली हे बघितल्यावर मागे फिरायची कोणाची इच्छा राहिली नाही. माझीही नाही. जुनं ते सोनं म्हणायची मला सवय नाही. तसल्या सोन्याच्या ट्रेमधून तारा ओढताना पाठीचे काय हाल व्हायचे ते मला माहीत आहे.

मॉडेल रेल्वेतही हेच घडून गेलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. डोंबिवलीचे एक गृहस्थ ओळखीतून घरी आले. मुलगा परदेशात, त्याने आणलेली दोन इंजिनं त्यांच्या हातात. त्यांना ती 'डीसीसी'वर करून हवी होती. डिजिटल कमांड कंट्रोल. डिकोडर त्यांच्याकडे होते, बसवणारा नव्हता. मी त्यांच्याकडून आधी कागद मागून घेतले आणि रात्री वाचत बसलो.

कल्पना फार जुनी आहे. ब्रिटनमधल्या हॉर्न्बीने १९८० च्या सुमारास 'झीरो वन' नावाची पद्धत काढली होती. तिच्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा चार बिटांचा टीएमएस १००० होता आणि सोळा इंजिनं वेगवेगळी चालत. ती फार टिकली नाही. टिकली ती जर्मनीतल्या लेन्झ यांची पद्धत. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिच्या पायावर मानक ठरवलं आणि ते सगळ्यांना खुलं ठेवलं. त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या हुकूम पाठवणाऱ्या पेटीवर चालतो. अशी दिलदारी आमच्या कारखान्याच्या धंद्यात मी फारशी पाहिली नाही.

या पद्धतीत रुळावर डीसी नसतोच. पंधराएक व्होल्ट सतत असतात, पण त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. त्या उलटण्याच्या वेळेतच निरोप दडलेला. अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर तो 'एक', १०० किंवा त्याहून लांब असला तर 'शून्य'. इंजिनातला डिकोडर याच विजेवर जगतो आणि तिच्यातूनच आपला निरोप वाचतो. आधी ओळीने पुष्कळ 'एक', म्हणजे सावधान. मग इंजिनाचा पत्ता, मग हुकूम, मग तपासणीचा बाइट. तपासणीचा बाइट म्हणजे पहिल्या दोघांचा एक्सॉर: दोन बिट वेगळे असतील तिथे एक, सारखे असतील तिथे शून्य.

इथे माझे कान टवकारले. नवा डिकोडर कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा पत्ता ३ असतो. 'पुढे चल, अठ्ठावीसपैकी सहाव्या पायरीने' हा हुकूम ७४. आता ०३ आणि ७४ चा एक्सॉर ७७. निरोप झाला ०३ ७४ ७७. हे गणित मी वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलने केलं, यंत्राला न विचारता. कारखान्यातल्या केबलवर जे निरोप धावतात त्यांचं असं नाही. त्यांचा तपासणीचा हिशेब हाताने करायला बसलं तर दुपार जाते, आणि नव्या पद्धतींत तर निरोप कसा दिसतो हेही कंपनी सांगत नाही, फक्त स्क्रीनवर हिरवी खूण दाखवते.

डिकोडर बसवण्याचं काम नाजूक असतं, अवघड नसतं. सात तारा, त्यांचे रंग ठरलेले. लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या. नारिंगी आणि करडी मोटरीला. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्या दिव्यांची सामायिक. सोल्डर करणारा कोणीही हे करील. डिकोडर जळतात ते दुसऱ्याच कारणाने. जुन्या इंजिनात मोटरीचं एक टोक थेट लोखंडी चौकटीला टेकलेलं असतं आणि चौकट एका रुळाला. डीसीच्या काळात ती सोय होती, एक तार वाचायची. डिकोडर मधे आला की तीच जागा घातक. म्हणून आधी मोटर चौकटीतून काढायची, खाली पातळ इन्शुलेशनचा तुकडा घालायचा, प्लास्टिकचे स्क्रू लावायचे आणि मग मल्टिमीटर बीपवर ठेवून मोटरीच्या दोन्ही टोकांपासून चारी चाकांपर्यंत एकेक जोडी तपासायची. कुठेही बीप यायला नको. बीप आली तर पुन्हा सगळं खोलायचं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं की हा वेळ त्याला वाया वाटतो, म्हणून मी गिऱ्हाइकाला चहा देऊन बाहेर ओटीवर बसवतो.

डोंबिवलीच्या इंजिनांचं काम झालं, पैसे मिळाले, तोंडी शिफारसीने आणखी इंजिनं येऊ लागली. ठाण्याहून, नाशिकहून, एकदा बडोद्याच्या मराठी कुटुंबाकडून. पण ते ०३ ७४ ७७ डोक्यातून जाईना. हुकूम पाठवणारी तयार पेटी, म्हणजे कमांड स्टेशन, महाग होती हे एक कारण. दुसरं असं की, हा निरोप आपल्या जुन्या किटलाही पाठवता येईल, असं गणित सांगत होतं.

किट मिळालं भंगारात. एका शिक्षणसंस्थेने प्रयोगशाळा बदलली तेव्हा अशी किटं किलोच्या भावाने गेली. एक मी उचललं. ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ८०८५ आत त्याचे दोन भाग करतं, म्हणजे ३.०७२. एका टी-स्टेटला, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्याला, ०.३२५ मायक्रोसेकंद. ५८ मायक्रोसेकंद म्हणजे १७८ टी-स्टेट. वाट बघण्याचा सगळ्यांत साधा फेरा डीसीआर आणि जेएनझेडचा, ४ आणि १० मिळून १४. रिकाम्या फेऱ्यांचाच हिशेब केला तर बारा-तेरा फेरे बसतात. पण त्याच वेळात बिट उलटवायचा आहे, पोर्टवर टाकायचा आहे, पुढचा बिट बाइटमधून सरकवून काढायचा आहे. नुसतं सबरूटीनला जाऊन परत यायला २८ टी-स्टेट जातात, म्हणजे नऊ मायक्रोसेकंद. मानक सांगतं की पाठवणाऱ्याच्या 'एक'चा प्रत्येक अर्धा ठोका ५५ ते ६१ च्या मधे हवा आणि दोन अर्ध्यांत ३ मायक्रोसेकंदांहून जास्त फरक नको. तीन मायक्रोसेकंद म्हणजे नऊ टी-स्टेट. एक जादा सूचना घुसली की संपलं.

मग सबरूटीन काढून टाकली आणि सगळं सरळ एका ओळीत लिहिलं. पोर्टचे दोन बिट घेतले, एकावर १ असेल तेव्हा दुसऱ्यावर ०. उलटवायला ईई ०३, म्हणजे ३ शी एक्सॉर. एका झटक्यात दोन्ही बिट जागा बदलतात. ते दोन बिट एल२९८ या ड्रायव्हर चिपला दिले, तिचं तोंड रुळांना. पहिल्या अर्ध्यानंतरचं काम आणि दुसऱ्या अर्ध्यानंतरचं काम सारखं नव्हतं, म्हणून जिथे काम कमी तिथे ००, म्हणजे काहीच न करणारी सूचना, भरून तोल साधला. एक ०० म्हणजे चार टी-स्टेट. पॉलिटेक्निकमध्ये आम्हाला वाटायचं, ही सूचना परीक्षेत दोन मार्कांसाठी ठेवली आहे. हिच्यावाचून माझी गाडी चालली नसती.

संपूर्ण निरोप जायला सुमारे सहा मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दीडशेहून जास्त निरोप. मधे रिकाम्या वेळात एफएफ ०० एफएफ पाठवत राहायचं, म्हणजे कोणालाच काही सांगायचं नाही पण वीज चालू ठेवायची. प्रोसेसर जिथे तासन्‌तास नुसता बटणाची वाट बघत बसायचा, तिथे आता त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. १९७० च्या दशकातल्या त्या चिपने पडवीतलं इंजिन सहाव्या पायरीने हलवलं तेव्हा मी काही बोललो नाही. बायकोने आतून विचारलं, "चाललं का?" मी म्हटलं, "चाललं." तिला बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. सवयीने प्रोग्रॅमच्या शेवटी ७६ ठेवला आणि प्रोसेसर थांबला तर इंजिन थांबत नाही, उलट ते सुसाट सुटतं. कारण प्रोसेसर थांबला तरी ८२५५ शेवटचा बिट धरून ठेवतो. ठोके बंद, रुळावर सरळ एका दिशेचा पूर्ण दाब. डिकोडर म्हणतो, अरे, हा तर जुना डीसी लेआउट, आणि जुन्या नियमाने पूर्ण वेगाने पळतो. जुन्या माणसांच्या लेआउटवर नवं इंजिन चालावं म्हणून केलेली ही सोय आहे. ती बंद करायची तर डिकोडरमधला २९ नंबरचा सीव्ही बदलायचा: ६ च्या जागी २. सीव्ही म्हणजे डिकोडरच्या आतले कप्पे, ज्यांत पत्ता, सुरुवातीचा जोर, कमाल वेग अशा गोष्टी लिहून ठेवता येतात. डोंबिवलीकरांच्या तयार पेटीवरून मी ते आकडे बदलून घेतले.

रेल्वेच्या खेळण्यातून संगणकाकडे जाणारी वाट माझ्याआधी पुष्कळ जणांनी तुडवली आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांचा टेक मॉडेल रेलरोड क्लब निघाला. त्यातल्या काहींना गाड्यांपेक्षा टेबलाखालच्या तारांत रस होता. टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणून त्यांनी अशी यंत्रणा उभी केली की फोनची चकती फिरवून गाडी निवडता यावी. हीच पोरं पुढे टीएक्स-० आणि पीडीपी-१ या यंत्रांवर रात्री जागू लागली. १९६२ चा 'स्पेसवॉर' हा खेळ याच मंडळींच्या गोतावळ्यातून आला. रिले हाताळलेल्या माणसाला प्रोग्रॅम का लवकर कळतो, हे मी कारखान्यात रोज बघत होतो. शिडीच्या आकृत्या वाचणाऱ्या जुन्या वायरमनने पीएलसी जितक्या लवकर आत्मसात केला तितका काही संगणक-पदवीधरांनी केला नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ पासून लोकांना खुलं. मी तिथे गेलो तो शाळेच्या सहलीबरोबर आत शिरलो. पोरं गाड्या बघत होती, मी सिग्नल बघत होतो. गाडी आली की तांबडा, गेली की हिरवा. लेआउटवरचा दिवस मावळला, इमारतींचे दिवे लागले, गाड्या धावतच राहिल्या, एकमेकींना न धडकता. त्यावरून एक गोष्ट लख्ख झाली, जी माझ्या किटने मला सांगितली नव्हती. डीसीसी इंजिनाला हुकूम देतं, पण इंजिन कुठे आहे हे त्याला मुळीच माहीत नसतं. मूळच्या पद्धतीत निरोप एकाच दिशेने जातो. गाडी कुठे आहे ते कळायला रुळाचे तुकडेच पाडावे लागतात आणि कुठल्या तुकड्यातून प्रवाह जातोय ते बघावं लागतं. जे ब्लॉक हुकुमासाठी नकोसे झाले, ते ठावठिकाणा कळण्यासाठी मागच्या दाराने परत आले. खऱ्या रेल्वेतही ट्रॅक सर्किट आणि ॲक्सल काउंटर हेच करतात. आता 'कवच' यंत्रणेत रुळांमधे आरएफआयडीचे टॅग बसतात, इंजिन त्यांच्यावरून जाताना स्वतःच वाचतं की आपण कुठे आहोत, आणि रेडिओवरून स्टेशनशी बोलतं. म्हणजे इथेही अक्कल हळूहळू रुळावरून उठून इंजिनात जाऊन बसते आहे.

पडवीतल्या फळीवर दुसरं इंजिन आलं, पत्ता ४. किट आता आळीपाळीने दोघांना निरोप देतं. पुढचं आणि मागचं इंजिन वेगवेगळ्या मोटरींचं, त्यामुळे सहावी पायरी म्हणजे दोघांचा वेग सारखा नव्हे. मागचं जोरात असेल तर डबे वळणावर आडवे होतात, पुढचं जोरात असेल तर मागचं नुसतं ओढलं जातं. सीव्ही २, ५ आणि ६ मध्ये आकडे बदलून बदलून, घड्याळ लावून, दोघांचा वेग जुळवत आणला.

शेजारच्या गावात एक निवृत्त ड्रायव्हर राहतात. घाटात उमेदीची वर्षं काढलेला माणूस. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं. काठी टेकत आले, खुर्चीवर बसले, दोन चढ बघितले.

"दोघं एकदम निघतायत तुझे," ते म्हणाले.

"जुळवलंय मुद्दाम, काका. सारख्या वेगाने."

"तेच चुकलं. घाटात गाडी कधी ताणलेली असते, कधी दबलेली. पुढच्याला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढचा दिसत नाही. शिट्टीवर काम. शिट्टी आली की जोर द्यायचा, मग बफर दाबले जातात, ते बुडाखाली कळतं." त्यांनी तळहात खुर्चीच्या बैठकीवर दाबून दाखवला. "तुझ्यात एकच डोकं दोघांना चालवतंय. बँकरवर दुसरा माणूस पाहिजे."

हे मला कोणत्याही कागदात सापडलं नव्हतं. किटला बटणांची दुसरी पट्टी जोडायची आणि प्रोग्रॅममध्ये दोन निरोपांच्या मधल्या फटीत ती वाचायची. फटी फार थोड्या, पण ८२५५ चा सी पोर्ट रिकामा होता. जमलं. आता पुढचं इंजिन मी चालवतो आणि बँकर काका. ते जोर उशिरा देतात, मग एकदम देतात. डबे कचकन दबतात आणि गाडी चढते. माझ्या जुळवलेल्या आकड्यांपेक्षा ते चढणं खरं दिसतं, हे मला मान्य करावं लागलं.

इंजिनाच्या रूपावर मात्र त्यांचं समाधान नाही. त्यांनी खेकडा चालवला आहे. घाटात १५०० व्होल्ट डीसी होता त्या काळातलं ते इंजिन, चाकांना बाहेरून जोडलेल्या दांड्या आणि दोन्ही बाजूंना लांब नाकाडं. १९२८ पासून आलेली ही ४१ इंजिनं. काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्याची, बरीचशी इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची. त्यांतलं 'सर लेस्ली विल्सन' आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. त्याचं तयार मॉडेल मला मिळालेलं नाही. त्याच घराण्यातल्या स्विस 'क्रोकोडाइल'ची मॉडेलं मिळतात आणि डोंबिवलीकरांकडे तसं एक आहे. रंग बदलून, छपरावरचे पॅन्टोग्राफ बदलून ते खपवता येईल, असं मी सुचवलं. काकांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "याला पुढे एक जादा चाक आहे," ते म्हणाले. खरंच होतं. स्विस इंजिनाला दोन्ही टोकांना एकेक भार वाहणारं चाकजोड असतं, खेकड्याला नाही. ते कापून काढायचं तर इंजिनाची नाकाडं रुळाला नीट धरतील का, याचं माप मी सध्या घेतो आहे.

शिवाय त्यांना शिट्टी हवी आहे. शिट्टीसाठी साउंड डिकोडर लागतो, साध्याच्या कितीतरी पट महाग. "पेन्शनीतून देतो मी पैसे," ते म्हणाले, "पण आवाज खेकड्याचाच पाहिजे, त्या स्विसचा नको." तयार आवाजांच्या यादीत खेकडा मला तरी दिसलेला नाही. म्हणून आता जुन्या ध्वनिफितींची चौकशी चालू आहे. कसाऱ्याच्या बाजूला कोणाकडे घाटातल्या गाड्यांचं जुनं कॅसेट-रेकॉर्डिंग असेल तर बघायला सांगितलंय. दरम्यान काका बँकर सुरू करायच्या आधी तोंडानेच शिट्टी मारतात, आणि मी उत्तर दिल्याशिवाय बटणाला हात लावत नाहीत.